कथेतून वाणीकडे : 'आब्लार' या स्पॅनिश शब्दाचे कुलवृत्त

१

वाङ्मयसमीक्षेत व्युत्पत्तीचा उपयोग आपल्याकडे बहुधा निर्णय देण्यासाठी केला जातो. 'साहित्य' म्हणजे काय, असा प्रश्न उपस्थित झाला की 'सहित' या पदापासून विवेचनास प्रारंभ होतो, आणि शब्द व अर्थ यांचे सहितत्व हेच साहित्याचे खरे लक्षण, असा निकाल दिला जातो. याच 'साहित्य' शब्दाने मराठी माणूस स्वयंपाकाची किंवा बांधकामाची सामग्रीही सुचवितो, याकडे त्या वेळी कोणाचे लक्ष जात नाही. शब्दाचा आद्य अर्थ हाच त्याचा खरा अर्थ आणि नंतरचे सारे अर्थ म्हणजे त्या अर्थाचा क्षय, अशी एक श्रद्धा या पद्धतीच्या मुळाशी असते. ही श्रद्धा केवळ आपलीच आहे असे नाही. युरोपीय भाषांतून व्युत्पत्तिशास्त्राला जे नाव आहे, तेदेखील 'खरा' या अर्थाच्या 'एतुमोस' या ग्रीक शब्दावरूनच पडलेले आहे.

ही श्रद्धा कितपत टिकाऊ आहे हे पाहावयाचे, तर स्वभाषेतील शब्दापेक्षा परभाषेतील शब्द घेणे अधिक सोयीचे. कारण त्याच्याविषयी आपल्या मनात ना ममत्व असते, ना आग्रह. प्रस्तुत लेखात या हेतूने स्पॅनिश भाषेतील 'आब्लार' हे क्रियापद घेतले आहे. त्याचा अर्थ 'बोलणे'. स्पेनमध्ये आणि अमेरिका खंडातील बहुसंख्य देशांत कोट्यवधी माणसे हा शब्द नित्य वापरतात. त्यात पांडित्याचा लवलेश नाही. लिहिताना तो 'ह'काराने सुरू होतो, परंतु हा 'ह' उच्चारला जात नाही. तो केवळ कागदावर उरला आहे. इंग्रजीत या शब्दाचे नातलग पुष्कळ आहेत : 'फेबल', 'फॅब्युलस', 'फेट', 'फेम', 'इन्फंट', 'प्रेफस'. मात्र यांपैकी एकाचाही अर्थ 'बोलणे' असा नाही. एकाच कुळातील एका शाखेला घरगुती बोलणे मिळाले आणि दुसरीच्या वाट्याला नियती, कीर्ती व कल्पित कथा आल्या, ही वाटणी कशी झाली, हे या शब्दाच्या कुलवृत्तावरून कळते. आणि ते कळल्यावर समीक्षकाने व्युत्पत्तीकडून काय अपेक्षावे व काय अपेक्षू नये, याचाही काही बोध होतो.

२

अभिजात लॅटिनमध्ये 'बोलणे' या अर्थाचे मान्यताप्राप्त क्रियापद 'लोक्वी' हे होते. वक्तृत्व, संभाषण, स्वगत इत्यादी अर्थांचे जे शब्द आज युरोपीय भाषांत आढळतात, त्यांतील पुष्कळसे याच क्रियापदापासून निघालेले आहेत. इंग्रजीतील 'एलोक्वन्स', 'कलोक्वियल' व 'सलिलक्वी' हे त्याचेच वंशज होत. एवढी मोठी ग्रांथिक संतती असूनही 'लोक्वी' हे क्रियापद स्वतः मात्र निर्वंश झाले. लॅटिनपासून निघालेल्या फ्रेंच, स्पॅनिश, पोर्तुगीज, इटालियन आदी भाषांपैकी एकीनेही रोजच्या बोलण्यासाठी ते राखले नाही. त्याचे एक कारण व्याकरणातच सापडते. 'लोक्वी'चे रूप कर्मणी आणि अर्थ कर्तरी. अशा विसंगत क्रियापदांचा एक वर्गच लॅटिनमध्ये होता, आणि ती चालविणे सामान्य भाषकाला अवघड जाई. लोकांना सुटसुटीत, नियमित चालणारे क्रियापद हवे होते.

ते त्यांना 'फाबुला' या नामापासून मिळाले. 'फाबुला' म्हणजे कथा, गोष्ट, लोकांत चाललेली वार्ता. रंगभूमीवरील नाटकालाही रोमन लोक 'फाबुला'च म्हणत. या नामावरून 'फाबुलारी', अर्थात गोष्टी करणे, गप्पा मारणे, हे क्रियापद तयार झाले. तेही मुळात त्याच विसंगत वर्गातले होते; परंतु त्याची घडण साधी असल्यामुळे लोकांच्या तोंडी ते सहज 'फाबुलारे' असे नियमित होऊन गेले. इ. स. पू. १८४ च्या सुमारास निवर्तलेल्या प्लाउतुस या नाटककाराची पात्रे एकमेकांशी बोलतात तेव्हा हे क्रियापद वारंवार आढळते, आणि तेथे त्याचा अर्थ कथा सांगणे असा नसून केवळ बोलणे, संभाषण करणे असा असतो. प्लाउतुसच्या विनोदी नाटकांतील गुलाम, सावकार व उडाणटप्पू तरुण यांची भाषा ही रोममधील रस्त्यावरच्या भाषेला जवळची होती. एवंच, आजच्या स्पॅनिश शब्दाचा पूर्वज साम्राज्याच्या वैभवकाळापूर्वीच बोलीत रुळलेला होता.

आयबेरियन द्वीपकल्पात रोमन सैन्याने प्रथम पाऊल ठेवले ते दुसऱ्या प्यूनिक युद्धात, इ. स. पू. २१८ मध्ये; म्हणजे प्लाउतुसच्या हयातीतच. त्या काळच्या सैनिकांनी, व्यापाऱ्यांनी व वसाहतकारांनी जी लॅटिन तेथे नेली, तीत 'फाबुलारी' होते, आणि पुढे तेथे ते टिकून राहिले. मध्यवर्ती प्रदेशांत नवी शब्दरूपे येऊन जुनी मागे पडतात, सीमेवरील प्रदेशांत मात्र जुनी रूपे दीर्घकाळ नांदतात, हा भाषेतिहासातील सर्वपरिचित अनुभव आहे. म्हणूनच स्पॅनिशमध्ये 'आब्लार' आणि पोर्तुगीजमध्ये 'फालार' ही दोन भावंडे उरली. आणि फ्रान्स व इटलीत, पुढे पाहावयाचे त्याप्रमाणे, निराळ्याच क्रियापदाने आपले बस्तान बसविले.

३

'फाबुलारे'पासून 'आब्लार'पर्यंतचा प्रवास दोन पायऱ्यांचा आहे. पहिल्या पायरीवर मधला आघातहीन 'उ' गळाला आणि 'फाब्लार' हे रूप सिद्ध झाले. इ. स. १२०० च्या आसपास रचल्या गेलेल्या सिदच्या वीरकाव्यात नायक 'फाब्लार' हेच क्रियापद वापरतो. त्याच्या मुखातील 'फ' अद्याप शाबूत आहे. दुसऱ्या पायरीवर आरंभीच्या 'फ'चा 'ह' झाला आणि कालांतराने तो 'ह'ही उच्चारातून नाहीसा झाला.

शब्दारंभीच्या 'फ'चा हा लोप कास्तिलियन भाषेचे वैशिष्ट्य समजला जातो. लॅटिन 'फिलियुस', म्हणजे पुत्र, याचे स्पॅनिशमध्ये 'इहो' झाले. 'फारिना', म्हणजे पीठ, याचे 'आरिना' झाले. आपल्या 'धूम' शब्दाचा सगोत्र 'फूमुस' हा 'उमो' झाला. आणि 'फोर्मिका', म्हणजे मुंगी, ही 'ओर्मिगा' झाली. लेखनात या साऱ्या शब्दांच्या आरंभी 'ह' आहे, उच्चारात नाही. तथापि हा नियम सरसकट लागू होत नाही. अग्निवाचक 'फ्वेगो' आणि झऱ्याचा वाचक 'फ्वेन्ते' यांसारख्या शब्दांत 'फ'नंतर 'व'सारखा ओष्ठ्य ध्वनी आल्यामुळे तो वाचला. पोर्तुगीजने तर 'फ' सर्वत्रच जपला. गोमंतकात १५१० पासून १९६१ पर्यंत जी राज्यकर्त्यांची भाषा होती, तिच्यातील 'फालार'मध्ये तो स्पष्ट ऐकू येई. कास्तिलियनमध्येच हे का घडले, याचे एक प्रसिद्ध उत्तर रामोन मेनेंदेस पिदाल या पंडिताने १९२६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मांडले. कास्तिलियन भाषेची जन्मभूमी बास्क प्रदेशाच्या शेजारी, आणि जुन्या बास्क भाषेत 'फ' हा ध्वनी नव्हता. तेव्हा बास्क भाषकांच्या तोंडी लॅटिनचा 'फ' पालटला असावा, असे त्याचे प्रतिपादन होते. हे मत सर्वांना मान्य नाही. लॅटिनच्या अंगभूत प्रवृत्तीतूनच हा पालट झाला, असे मानणारेही अभ्यासक आहेत.

भारतीय वाचकाला हा पालट परका वाटू नये. संस्कृत 'भवति'चे प्राकृतात 'होइ' झाले आणि त्यापासून मराठी 'होणे' व हिंदी 'होना' आले. तेथेही ओठांनी उच्चारावयाचे व्यंजन मावळले व मागे केवळ 'ह' उरला. स्पॅनिशने एक पाऊल पुढे टाकून तो 'ह'सुद्धा सोडून दिला, एवढाच काय तो फरक.

हा पालट घडत असताना त्याकडे सुशिक्षितांची दृष्टी कशी होती, हे पाहण्यासारखे आहे. लेखनात 'फ' दीर्घकाळ टिकला. बोलीत 'ह' रूढ होऊनही अभिजनांना 'फ' हाच प्रतिष्ठित वाटे. आन्तोनिओ दे नेब्रिहाने १४९२ मध्ये कास्तिलियन भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले, तेव्हा या नव्या 'ह'ला त्याने स्वतंत्र ध्वनी म्हणून मान्यता दिली. त्यानंतर शंभरएक वर्षांतच पारडे पुरते फिरले. सर्व्हान्तेसची 'दोन किहोते' ही कादंबरी १६०५ व १६१५ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाली. तिचा नायक शौर्यकथांच्या नादाने वेडावलेला असल्यामुळे भरात आला म्हणजे जुन्या 'फ'काराची रूपे वापरतो, आणि वाचक हसतो. एके काळी शिष्टतेची खूण असलेले रूप दोन-तीन पिढ्यांत हास्यास्पद ठरले, आणि अशिष्ट मानलेले रूप प्रमाण झाले. पुढे १७१३ मध्ये स्थापन झालेल्या स्पॅनिश अकादमीने भाषेला शुद्ध, स्थिर व तेजस्वी करण्याचे ब्रीद धारण केले. परंतु तिच्या विद्वान सभासदांना परस्परांशी 'बोलण्या'साठी जे क्रियापद वापरावे लागे, ते अशा अपभ्रंशांच्या मालिकेतूनच जन्मलेले होते.

४

आता या कुळाच्या मुळाकडे वळू. 'फाबुला' हे नाम ज्या धातूपासून निघाले, तो 'फारी', म्हणजे बोलणे, उच्चारणे. हाही लॅटिनमधील एक पुरातन व अपूर्ण धातू. त्याची मोजकीच रूपे वापरात होती, आणि तीही बहुधा गंभीर, धार्मिक अथवा काव्यमय संदर्भात. परंतु त्याच्यापासून निघालेल्या शब्दांनी रोमन विचारविश्वाचा फार मोठा भाग व्यापला आहे. इ. स. पू. ११६ ते २७ या काळात होऊन गेलेल्या व्हारो या पंडिताने आपल्या लॅटिन भाषेवरील ग्रंथात या शब्दांची एकत्र चर्चा केली आहे. देवतांनी जे उच्चारून ठेवले ते 'फातुम', म्हणजे नियती. ज्याला अद्याप अर्थपूर्ण बोलता येत नाही तो 'इन्फान्स', म्हणजे अर्भक. लोक ज्याच्याविषयी बोलतात ती 'फामा', म्हणजे कीर्ती किंवा लोकवार्ता. आणि जे बोलून रचले जाते ती 'फाबुला'.

इंग्रजीने यांतील प्रत्येक शब्द घेतला, परंतु थेट बोलीतून नव्हे. फ्रेंचच्या द्वारे किंवा लॅटिन ग्रंथांतून घेतला. 'फातुम'चे 'फेट' झाले, 'फामा'चे 'फेम' झाले, 'इन्फान्स'चे 'इन्फंट' झाले आणि 'फाबुला'चे 'फेबल' झाले. ग्रंथाच्या आधी बोलावयाचे ते 'प्रेफस'. ज्याच्याशी सहज बोलता येते तो 'अफेबल'. जे बोलून दाखविता येत नाही ते 'इनेफेबल', आपल्या परिभाषेत 'अनिर्वचनीय'. 'फाता', म्हणजे भाग्यदेवता, हा शब्द फ्रेंचमध्ये 'फे' झाला आणि तेथून इंग्रजीत 'फेअरी', म्हणजे परी, अवतरली. पायदळाला 'इन्फन्ट्री' म्हणतात तेही याच कुळातले. 'न बोलणारे मूल' या अर्थाचा शब्द प्रथम 'तरुण मुलगा' आणि मग 'घोडेस्वाराच्या मागून पायी चालणारा शिपाई' अशा अर्थाने इटालियन व स्पॅनिश भाषांत वापरला गेला, आणि तेथून तो सैनिकी परिभाषेत शिरला. स्पॅनिशमध्ये राजपुत्राला 'इन्फान्ते' म्हणतात. राजपुत्र, शिपाई आणि तान्हे मूल यांना एकत्र आणणारा धागा 'न बोलणे' हा आहे, हे आज कोणाच्या ध्यानीमनीही नसते.

'फेबल'च्या पोटी आलेल्या 'फॅब्युलस' शब्दाची कथा समीक्षकाला विशेष उद्बोधक वाटेल. प्रारंभी त्याचा अर्थ 'कल्पित कथेतील' असा होता. मग 'विश्वास न बसण्याजोगा' असा झाला. आणि शेवटी 'अतिशय उत्तम' एवढाच उरला. कल्पित असणे हा प्रथम आरोप होता, पुढे तीच स्तुती झाली. रोमन वक्तृत्वशास्त्रात कथनाचे तीन प्रकार मानीत. 'हिस्तोरिया' म्हणजे घडलेले, 'आर्गुमेन्तुम' म्हणजे न घडलेले पण घडण्याजोगे, आणि 'फाबुला' म्हणजे ना घडलेले ना घडण्याजोगे. आपल्या अमरकोशाने ज्ञात वस्तूवर आधारलेल्या 'आख्यायिके'पासून कल्पनेने रचलेली 'कथा' वेगळी काढली, आणि दंडीने हा भेद नाममात्र ठरविला. त्या चर्चेची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही. इ. स. ६३६ मध्ये निवर्तलेला सेव्हिल येथील बिशप इसिदोर याने आपल्या व्युत्पत्तिविषयक महाग्रंथात 'फाबुला'चा संबंध बोलण्याशी जोडताना म्हटले आहे, की त्या घडलेल्या गोष्टी नसून केवळ बोलण्यातून रचलेल्या गोष्टी असतात. हे तो ज्या देशात लिहीत होता, तेथेच सामान्य लोक त्याच शब्दापासून साध्या बोलण्याचे क्रियापद घडवीत होते.

या साऱ्या पसाऱ्यात एक चक्र दिसते. 'फारी' म्हणजे बोलणे. त्यापासून 'फाबुला', म्हणजे गोष्ट. तिच्यापासून 'फाबुलारी', म्हणजे गोष्टी करणे. आणि शेवटी 'आब्लार', म्हणजे पुन्हा बोलणे. वाणीतून कथा आणि कथेतून वाणी असे हे परिभ्रमण आहे. ग्रीकमध्ये होमरच्या काळी 'मुथोस' म्हणजे बोल, वचन. पुढे त्याचाच अर्थ पुराणकथा असा झाला. तेथे या चक्राचे पूर्वार्ध दिसते. उत्तरार्धासारखे काही पाहावयाचे, तर ते इंग्रजीच्या स्वतःच्या, लॅटिनेतर भांडारात सापडते; 'टॉक', म्हणजे बोलणे, हे क्रियापद 'टेल' या कथावाचक शब्दाच्याच घरातले आहे. तेव्हा इंग्रजीने लॅटिन कुळातून बोलण्याचे क्रियापद घेतले नाही याचे कारण उघड आहे : ते तिच्या घरी होतेच. तिला उणीव होती ती नियती, कीर्ती, प्रस्तावना यांसारख्या ग्रांथिक संज्ञांची, आणि त्याच तिने घेतल्या.

५

स्पॅनिशमध्ये 'फाबुला' शब्द दोनदा नांदतो, हे आता सांगितले पाहिजे. लोकांच्या तोंडून झिजत आलेला 'आब्ला' म्हणजे बोली, वाणी. आणि पंडितांनी ग्रंथांतून जसाच्या तसा उचललेला 'फाबुला' म्हणजे बोधकथा. आपल्या व्याकरणकारांच्या भाषेत बोलावयाचे, तर पहिला तद्भव व दुसरा तत्सम. हीच जोडी आणखी एका शब्दात दिसते. 'पालाब्रा' म्हणजे शब्द, आणि 'पाराबोला' म्हणजे दृष्टांतकथा. दोन्हींचे मूळ एकच. 'पालाब्रा'त 'र' आणि 'ल' यांनी आपापसांत जागा बदलल्या आहेत. 'वाराणसी'चे 'बनारस' होताना 'र' आणि 'ण' यांनी जागा बदलल्या, तसाच हा वर्णविपर्यय.

'पाराबोला'चे मूळ ग्रीक 'पाराबोले', म्हणजे एकाशेजारी दुसरे ठेवणे, तुलना. हिब्रू धर्मग्रंथांच्या ग्रीक भाषांतरात म्हण, सुभाषित, दृष्टांत या अर्थांच्या हिब्रू शब्दासाठी तो योजला गेला, आणि ख्रिस्ताच्या दृष्टांतकथांचे नाव म्हणून तो लॅटिन भाषक ख्रिस्ती समाजात सर्वतोमुखी झाला. दृष्टांत म्हणजे प्रभूचे वचन, वचन म्हणजे बोल, अशा क्रमाने त्याचा अर्थ व्यापक होत गेला. 'शब्द' या अर्थाचे जुने लॅटिन नाम 'व्हेर्बुम' हे योहानाच्या शुभवर्तमानात ईश्वरी शब्दासाठी आले असल्यामुळे लौकिक व्यवहारात ते टाळले गेले असावे, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. या 'पाराबोला'वरून 'पाराबोलारे' हे क्रियापद झाले. फ्रेंचमध्ये त्याचे 'पार्ले', इटालियनमध्ये 'पार्लारे'. इंग्रजीतील 'पॅरेबल', 'पार्लर', 'परोल' आणि 'पार्लमेंट' हे त्याचेच नातलग. लोकप्रतिनिधींच्या सभेचे हे नाव मुळात दृष्टांतकथेपासून निघालेले आहे.

म्हणजे लॅटिनच्या वारसांपैकी एका गटाने बोलण्याचे क्रियापद लौकिक कथेपासून घेतले आणि दुसऱ्याने धार्मिक कथेपासून. अभिजात क्रियापद दोघांनीही टाकले. परंतु याहून मौजेची गोष्ट पुढेच आहे. सोळाव्या शतकात स्पॅनिश 'आब्लार' फ्रेंचमध्ये उसना गेला, आणि तेथे त्याचा अर्थ झाला 'बढाया मारणे'. उलट फ्रान्सकडील 'पार्लार' स्पॅनिशमध्ये आला, आणि तेथे त्याचा अर्थ झाला 'वायफळ बडबड करणे'. पोर्तुगीज 'पालाव्रा', म्हणजे साधा शब्द, पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील व्यापारात इंग्रज खलाशांनी उचलला. इंग्रजीत त्याचे 'पलाव्हर' झाले, आणि त्याचाही अर्थ लांबट, निष्फळ चर्चा असाच झाला. शेजाऱ्याचे प्रतिष्ठित बोलणे सीमा ओलांडताच बडबड ठरते. हिंदी 'बात' हा वार्तेपासून आलेला निर्दोष शब्द. तो मराठीत येताच 'बाता मारणे' झाला, हे उदाहरण आपल्या अगदी जवळचे आहे. शब्दाच्या अर्थात अशा वेळी जे शिरते, ते त्याच्या व्युत्पत्तीतून आलेले नसते. दोन समाजांच्या परस्परांकडे पाहण्याच्या दृष्टीतून आलेले असते.

६

या कुळाची एक दूरची शाखा मराठीतही आहे. लॅटिनच्या आरंभीच्या 'फ'समोर संस्कृतात पुष्कळदा 'भ' येतो. 'फ्रातेर' आणि 'भ्रातृ', 'फेर्रे' आणि 'भर्' या जोड्या प्रसिद्ध आहेत. तद्वतच 'फारी'चा सगोत्र म्हणून संस्कृत 'भण्', वैदिक 'भन्', हा धातू दाखविला जातो. 'भणति'चे प्राकृतात 'भणइ' झाले आणि मराठीत 'म्हणणे'. स्पॅनिश 'आब्लार' आणि मराठी 'म्हणणे' यांच्यात आज एकही ध्वनी समान राहिलेला नाही, तरीही मूळ धातू एक आहे. उलट, स्पॅनिशमधील 'मुचो' आणि इंग्रजीतील 'मच' हे शब्द ध्वनीने जुळतात, अर्थानेही जुळतात, आणि तरी त्यांचे परस्परांशी नाते नाही. 'मुचो' लॅटिन 'मुल्तुस'पासून आला, आणि 'मच'चे नाते ग्रीक 'मेगास' व आपल्या 'महत्' यांच्याशी आहे. केवळ ध्वनिसाम्यावरून नाती जुळविण्याची हौस आपल्याकडे फार आहे. तिला हे एक उदाहरण पुरेसे व्हावे.

'म्हणणे'पासून मराठीत 'म्हण' हे नाम झाले. बोलण्याच्या धातूपासून लोकवाणीतील एका वाङ्मयप्रकाराचे नाव निघाले, हे 'फारी'पासून 'फाबुला' निघाल्यासारखेच आहे. हिंदीत याच्या उलट दिशेची वाटचाल दिसते. 'कहना' हे क्रियापद 'कथयति'पासून आले आणि 'कहानी' ही 'कथानिका'पासून. बोलणे आणि गोष्ट तेथेही एकाच छपराखाली राहतात. 'बोलणे' या आपल्या नित्याच्या क्रियापदाला तर संस्कृत पूर्वजच सापडत नाही. बाराव्या शतकात हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात 'कथ्' या धातूचे जे आदेश सांगितले, त्यांत 'बोल्ल' हा एक आहे. 'वच्', 'वद्' आणि 'ब्रू' हे अभिजात संस्कृताचे प्रतिष्ठित धातू. परंतु त्यांपैकी एकही आज मराठीच्या रोजच्या बोलण्याचा धनी नाही. 'वक्ता', 'वाद', 'वचन', 'वाङ्मय' ही त्यांची ग्रांथिक संतती मात्र सर्वत्र आहे. 'लोक्वी'चे जे झाले, तेच या धातूंचे झाले.

आरंभी उपस्थित केलेल्या प्रश्नाकडे आता परत येता येईल. व्युत्पत्ती ही अर्थाची निर्णायक असती, तर स्पॅनिश माणूस बोलतो तेव्हा तो कथा सांगतो असे मानावे लागले असते, आणि पार्लमेंटमध्ये दृष्टांतांखेरीज काही होत नाही असेही म्हणावे लागले असते. हे कोणी म्हणणार नाही. परंतु आपल्या संज्ञांची वेळ आली म्हणजे नेमकी हीच चूक आपण करतो. 'शिक्षा' हा शब्द हिंदीत व बंगालीत विद्यादानाचा वाचक आहे, तर मराठीत व कन्नडमध्ये दंडाचा. 'उपन्यास' म्हणजे हिंदीत व बंगालीत कादंबरी. तेलुगूत व कन्नडमध्ये भाषण. आणि कादंबरीला मराठीत व कन्नडमध्ये जे नाव आहे, ते बाणाच्या एका नायिकेचे. एकच तत्सम शब्द उत्तरेस कथा आणि दक्षिणेस वाणी होऊन बसतो, हे पाहिले म्हणजे 'आब्लार'चे चक्र आपल्या देशातही फिरत आहे, हे पटते. यांपैकी कोणता अर्थ 'खरा', हा प्रश्न संस्कृत कोश उघडून सुटणारा नाही. तो त्या त्या भाषेच्या व्यवहारानेच सोडविलेला आहे, आणि त्या व्यवहाराला मान देणे हेच निरनिराळ्या भारतीय भाषांतील समीक्षकांना एकमेकांशी बोलता येण्याचे पहिले साधन आहे.

याचा अर्थ व्युत्पत्ती निरुपयोगी आहे असा मात्र नव्हे. ती निर्णय देत नसली, तरी साक्ष देते. 'आब्लार'ची साक्ष दोन गोष्टींविषयी आहे. पहिली अशी, की भाषेच्या केंद्रस्थानी येऊन बसणारे शब्द बहुधा ग्रांथिक परंपरेतून येत नाहीत. ते प्रहसनातून, बाजारातून, छावणीतून येतात, आणि कित्येक शतके अशुद्ध म्हणून हिणविले जाऊन मग प्रमाण होतात. तत्सम शब्दालाच प्रौढ आणि तद्भवाला ग्राम्य मानणाऱ्या आपल्या शैलीविचाराने ही साक्ष ऐकली पाहिजे. गंभीर गद्यात 'बोलणे' खटकते म्हणून 'कथन करणे' लिहिणाऱ्याने तर अवश्य ऐकली पाहिजे. दुसरी अशी, की कथा आणि वाणी यांच्यात आपण समजतो तेवढे अंतर लोकभाषेने कधी मानलेले नाही. अभ्यासकांनी 'फाबुला'ला खोट्या गोष्टींच्या कप्प्यात टाकले. लोकांनी तिच्यापासूनच एकमेकांशी खरे बोलण्याचे क्रियापद केले. कथात्म वाङ्मयाला मनोरंजनाचे स्थान देऊन विचारप्रधान गद्याला श्रेष्ठ मानणाऱ्या समीक्षेने याचा विचार करावा. ज्या क्रियापदाने स्पॅनिश भाषक आपला विचार व्यक्त करतो, ते गोष्टी सांगता सांगताच घडले आहे.